हिरव्या बांगड्या

कासारणीच्या दुकानात माझ्या आधी एक जोडपं बसलं होतं. नवरा स्वतः हिरव्या काचेच्या बांगड्या निवडत होता. बघणाऱ्याला वाटावं, काय हौशी माणूस! "हिच्या हातात टिकतच नाहीत," तो हसत म्हणाला. तिच्या मनगटावर काचेचे ओरखडे होते, काही सुकलेले, काही ताजे.

"हात सैल सोड गं, बाई," कासारीण म्हणाली. तिला तो सोडता येईना.

मार म्हणजे रागाचा झटका, असं आपण समजतो. पण नंतरची माफी, हे लाड, ही खरेदी, तीही त्याच फेऱ्यातली. अशा गोड दिवसांतच पुढच्या माराची भीती मुरत असते.

फोन आला म्हणून नवरा बाहेर गेला. तशी ती हळूच म्हणाली, "मावशी, प्लास्टिकच्या द्या ना. त्या रुतत नाहीत."