चन्नबसम्माची पंचमी

ताडकळसात चन्नबसम्माएवढी बोलणी खाल्लेली बाई दुसरी नसेल, आणि बोल लावणाऱ्यांत शेजारीण म्हणून मी पुढं होते. लाज वाटते, पण लपवून काय करू?

तिचं लग्न सख्ख्या मामाशी, शिवमूर्तीशी झालं. त्यांच्यात तशी रीतच होती; भाची घरातच राहिली म्हणून सगळे खूश. पहिला शिवप्रकाश जन्मला तो अंगभर खवले घेऊन. त्याला घाम येत नसे, उन्हाळाभर ओला पंचा गुंडाळून बसवावं लागे. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा कातडी सोलायचा, म्हणून तिनं तो जुन्या धोतराच्या चिंधीत शिवला. पोटुशी असताना हिनं नाग मारला, ही कंडी मीच पिकवली. शिवमूर्तीनंही ती खोडली नाही. बावीस वर्षं ती लेकाला खोबरेल चोळत राहिली आणि ऐकून घेत राहिली.

धाकटी स्वप्ना नितळ निघाली. बारशालाच चन्नबसम्मानं तिला आपल्या दहा वर्षांच्या भावाच्या, महारुद्रच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ही तुझीच." तो त्या शब्दावर थांबला.

यंदा साखरपुडा ठरला. तेवढ्यात शिवप्रकाशचे डोळे दाखवायला ती परभणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी घरातली नाती विचारली आणि समजावलं, की हा दोष आई-बाप दोघांतही लपून असतो. एकाकडूनच आला तर अंगावर दिसत नाही, दोघांकडून आला तर असं लेकरू होतं. स्वप्ना आणि महारुद्र, दोघांमध्येही तो लपलेला असू शकतो.

तिनं भावाला नाही म्हणून सांगितलं.

"अक्का, तुज्या शब्दावर तीन स्थळं परतवली म्या. अन् आता मलाच रोगी ठरवायलीस व्हय?"

"माज्यात बी हाय रं ते."

"मंग आजपासून तुला माहेर न्हाई."

नागपंचमीला दरवर्षी महारुद्र तिला न्यायला यायचा. यंदा कुणी आलं नाही. मी लाह्या घेऊन गेले, तर ती शिवप्रकाशच्या पाठीला तेल लावत होती.

"आई, मामा माज्यामुळं तुटला ना?"

"न्हाई रे बाबा. तुज्या बापाकडून एक आलं, माज्याकडून एक. आमी दोगांनी दिलं तुला."

बाजेवरच्या शिवमूर्तीनं मान खाली घातली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"सत्यशीलाबाई," ती म्हणाली, "म्या नाग मारला न्हवता वो."