गल्लीतलं वडीलधारं माणूस

जुन्या लुगड्यांना उन्हात एक मऊ, ऊबदार वास सुटतो. सत्तरच्या दशकातल्या त्या निवांत दुपारी! आमच्या ताराबाई पार्कातल्या ओसरीवर हसीनाबी वाकळ शिवायला बसली, की तो वास घरभर दरवळायचा आणि आरामखुर्चीतले आबा, माझे सासरे, तिच्याशी गप्पा मारत राहायचे.

आबांनी ऐंशी ओलांडली आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाची तयारी सुरू झाली. पंक्तीला आपल्या बरोबरीची माणसं असावीत, एवढीच त्यांची इच्छा. आमच्याच रस्त्यावर तशी कितीतरी निघाली. मग ते हसीनाबीला म्हणाले, "तुमच्या गल्लीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस घेऊन या. जुन्या कोल्हापूरच्या गोष्टी बोलू."

समारंभाच्या दिवशी ती बाबूभाईंना घेऊन आली. नाल्याकाठच्या तिच्या गल्लीतले हे गृहस्थ. कातडी कमावण्यात हयात गेलेली. पांढरीशुभ्र दाढी, वाकलेली पाठ, बोलताबोलता खोकला. आबा लगबगीनं उठून नमस्काराला वाकले, तसे बाबूभाई दचकून मागं सरले.

"अवो, हे काय करतायसा? मी तुमच्या पोराच्या बरोबरीचा हाय की!"

"आणि तुमच्याहून मोठं कुणी?" आबांनी विचारलं.

"हुतं. आता न्हाय कोण."

हसीनाबी हळूच म्हणाली, "आमच्यात येवढं जगतंय कोण, आबा?"

आबांनी बाबूभाईंचा हात धरला आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

एकाच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर, आयुष्याची लांबी अशी कशी बदलावी? दीर्घायुष्याला आपण पुण्याई म्हणतो; पण त्या पुण्याईत स्वच्छ नळाचा, कोरड्या भिंतींचा, हाकेला येणाऱ्या डॉक्टरचा वाटा केवढा! आणि जिथं वार्धक्यच पोचत नाही, त्या गल्लीची स्मृती कुणाच्या ओठांवर वसावी?

दुसऱ्या दिवशी आबा ती गल्ली पाहून आले. नाल्याचं पाणी झिरपणारी एकच विहीर सगळ्यांच्या पिण्याला होती. मग काठी टेकत ते आणि खोकत बाबूभाई, दोघं मिळून नळासाठी खेटे घालू लागले. नळ आला, पण त्याआधीच बाबूभाई गेले. "माझा धाकटा भाऊ गेला," एवढंच म्हणून आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

कितीतरी वर्षांनी मी त्या गल्लीत गेले. आबा तोवर राहिले नव्हते. उंबऱ्यावर हसीनाबी बसली होती, केस पिंजलेल्या कापसासारखे. शेजारी तिच्याच वयाच्या आणखी दोघी. "वहिनी, बघा की, म्हाताऱ्यांनी गल्ली भरलीया!" ती बोळकं पसरून हसली. मग तिघी पुन्हा आपल्या वादाकडे वळल्या: बाबूभाईंची दाढी आधी पिकली, की डोकं? मी तिथंच उंबऱ्यावर टेकले आणि ऐकत राहिले.