मावशीचा डावा हात

"दे व बाई, हात दे."

आमच्या मावशीची माणसाशी ओळख व्हायची ती हातापासून. समोर आलेल्या बाईचं नाव, गाव, दुखणं यांतलं काहीही विचारण्याआधी ती तिचा हात आपल्या हातात घ्यायची, खिडकीकडे वळवायची आणि नखं बघायची. चेहऱ्याकडे नंतर.

सावंगीच्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्स आहे. ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटला जिथे तयार करतात, त्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. तुमच्यापैकी कुणी तिथे पडून राहिलं असेल तर ठाऊक असेल. बांगड्या काढा, कवळी काढा, टिकली काढा. सगळं काढा-काढाचंच काम. त्यात नखांचा रंगही आला. बोटाला लावायच्या चिमट्याला गडद रंगातून रक्तातला ऑक्सिजन नीट वाचता येत नाही, आणि नख निळं पडतंय का हे डोळ्यांनीही दिसावं लागतं. हे काम मावशीकडे होतं; नात्याने नव्हे, दवाखान्यातल्या कामाच्या बायांना आम्ही मावशीच म्हणतो. ती आंजीहून पहिल्या बसने यायची आणि आल्या आल्या भिंतीला टेकून जरा उभी राहायची. "थकल्या का मावशी?" विचारलं की म्हणायची, "आत्ता तं आली जी. थकाचं बाकी हाय."

साधं नेलपॉलिश कापसाच्या एका बोळ्यात निघायचं. मग हे जेल आलं. लावून दिव्याखाली वाळवलं की दगडासारखं बसतं. आमच्याकडे असं लावून पहिल्यांदा आली ती रोहण्याची एक मुलगी, भावाचं लग्न आटोपून पित्ताचे खडे काढायला. दहाही बोटं जांभळी. आम्ही दोघी-तिघी घासून घासून दमलो, रंग हलेना. तेवढ्यात मावशीने स्वतःच्या डब्यातली पोळीची फॉइल काढली, तिचे तुकडे केले. कानशीने नखांवरची चमक खरवडली, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस एकेका नखावर ठेवला आणि वरून फॉइल गुंडाळली. पोटापेक्षा नखांसाठीच जास्त रडणाऱ्या त्या मुलीला म्हणाली, "रड तू. पण हात हालवू नको."

पाऊण तास गेला असेल, नसेल. रंग फुगून आला आणि काडीने अलगद निघाला. जिथे निघाला नाही तिथे तिने पुन्हा कापूस गुंडाळला. ओढलं मात्र नाही. "ओढलं का नखाची साल येते," एवढंच बोलली. मग त्या मुलीला विचारलं, "कोणं लावून देल्लं व हे? कडंले जाड झालं. पण हात साफ हाय तिचा."

हा प्रश्न ती प्रत्येकीला विचारायची. कुणी लावलं, किती दिवस टिकलं, दिव्याखाली चटका बसला का. मला वाटायचं, हिला कशाला एवढ्या चौकशा? विचारलं तर म्हणाली, "घरी पोट्टी हाय ना."

एका सोमवारी आम्ही हात धूत होतो. पाणी कोमट होतं, पण मावशीने डावा हात झटकन मागे घेतला. मी तिचीच तऱ्हा केली, हात धरला आणि खिडकीकडे वळवला. उजव्या हाताची नखं जाड, हळदीने पिवळी, शेतात राबलेल्या बाईची. डाव्या हाताची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, पांढरे डाग पडलेली, टोकाला दुमडणारी. मी म्हटलं, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. "चालते जी," म्हणाली आणि गेली नाही. आठवडाभर मागे लागले तेव्हा सांगितलं.

बारावी झालेली मुलगी घरी होती. तिने मोबाइलवरून साबणाच्या डबीएवढा दिवा मागवला होता. नागपूरच्या एका मोठ्या पार्लरमध्ये लागायचं होतं आणि तिथे आधी काम करून दाखवावं लागणार होतं. आंजीत जेल लावून घ्यायला कोण येणार? म्हणून दर रविवारी दुपारी आईचा हात. उजव्याने स्वयंपाक, म्हणून डावा. सोमवारी ड्यूटी, म्हणून रंग पुन्हा काढायचा, सकाळी, बस धरायच्या घाईत. भिजायला वेळ द्यायचा असतो हे मुलीला सुरुवातीला उमगलं नव्हतं. ती खरवडायची; फॉइल गुंडाळायचं दोघी नंतर शिकल्या.

एकदा तर मधेच वीज गेली. ओला रंग कशाला लागू नये म्हणून मावशी दुपारभर हात पुढे करून बसून राहिली. "पोट्टीनं चहा पाजला मले बशीनं," ती हसत म्हणाली. "लहानपणीचं फेडलं म्हणा."

मला हसू आलं नाही. मी चिडले होते. म्हटलं, "मावशी, सरावाला प्लास्टिकची बोटं मिळतात. तीनशे रुपयांचंही काम नाही."

"हाय ना घरी. पण त्याईले दुखत नाई जी. पोट्टीले कसं समजन, कुठं थांबाचं ते?"

मी मलमाची ट्यूब तिच्या पिशवीत टाकली. एखादा रविवार सोडत जा म्हटलं. "होऊ द्या तिचं," म्हणाली. "मंग आरामच आराम."

झालं तिचं. मावशीने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. मुलगी नागपूरला राहायला गेली. इकडे डाव्या हाताच्या नखांत मुळाशी कोरी गुलाबी पट्टी दिसू लागली, आणि हळूहळू वर सरकत गेली. दर सोमवारी मी बघायचे. शेवटी एकदा दोन्ही हात शेजारी धरून म्हटलं, "बघा मावशी, सारखे झाले."

तिने पाहिलं. "हौ," म्हणाली. "आता रविवार रिकामाच जाते."

दिवाळीला मुलगी दोन दिवस आली होती. त्यात एक रविवार होता. ते मावशीनेच सांगितलं, भिंतीला टेकून. "जेवणं झाले. चटई टाकली. हात धुतला अन् ठेवला तिच्यापुढं. तं म्हणे, आई, सुट्टीत तरी नको व. दिवसभर हातच पाह्यतो मी तिथं."

"मग?"

"मंग काय. बरोबर हाय तिचं. थकते लेकरू. भांडे पडले होते, ते घासले."

मला फार वाईट वाटलं. मुलीचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच.

मावशी आता येत नाही. वय झालं, काम सुटलं. तिच्या जागी आलेली मुलगी चटपटीत आहे, रंग नीट काढते, पण कुणी लावला ते विचारत नाही. मला आठवते ती मावशीची शेवटची दुपार. खिडकीपाशी एका बाईच्या बोटांवर फॉइल गुंडाळून ती ॲसिटोन मुरायची वाट बघत बसली होती. उजव्या हाताने त्या बाईचं मनगट धरलेलं. डावा हात टेबलावर पालथा, बोटं पसरून, अगदी स्थिर. तिथे तो तसा ठेवायचं काही कारण नव्हतं.