कॉलरमधली सुई

"बघा, चिकटतंय," असं म्हणून चाचा माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाईकासमोर, माझ्याच पातेल्याला चुंबक लावायचे. चिकटलं की स्टील हलकं, हा त्यांचा निकाल. ढोकीत माझं भांड्यांचं दुकान आणि शेजारी चाचांची शिलाई. चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेलं, खाली सांडलेल्या सुया गोळा करायला. पण सुयांपेक्षा माझी भांडीच त्यानं जास्त तपासली. तुम्हाला असा शेजारी मिळाला असता तर तुम्हीही वैतागला असता.

विश्वास म्हणून कशावर नाही. दुधाचा थेंब नखावर घेऊन बघणार, कापडाचा धागा जाळून वास घेणार.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कात्री कापडावर भरकटायची. धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि तिचा लग्नाचा शरारा मीच शिवणार, असं चाचांनी तिला लहानपणीच कबूल केलेलं. गोळ्यांनी फारसा फरक पडेना. सोलापूरच्या एका दवाखान्यात चुंबकाचा प्रयोग चाललाय असं कळलं. सोबतीला मी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. वीज नाही, चिरफाड नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला एक जड चुंबक थोडा वेळ धरायचं आणि उजवा हात हलवणारा मेंदूचा भाग त्यानं शांत होतो का, ते बघायचं. काहींना खरं चुंबक, काहींना तसाच दिसणारा साधा धातू. "कुणाला काय, हे आम्हालाही ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या.

"म्हंजे माल नकली, अन् दुकानदारालाच म्हाईत न्हाय," चाचा माझ्या कानात पुटपुटले. मलाही बाईंचं हसणं जरा जास्तच गोड वाटलं.

अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. घड्याळ, किल्ल्या, पट्टा निघाला. कॉलरच्या आत टोचलेली सुई मात्र तशीच राहिली. मी खुणावलं, तर माझ्यावरच डोळे वटारले.

परत येताना एसटीत म्हणाले, "हलली न्हाय."

"काय?"

"सुई. जराबी न्हाय. आपल्या वाट्याला नकली आलंय."

मी भडकलो. उद्यापासून जाऊच नका म्हणालो. चाचा मात्र ठरलेले सगळे दिवस गेले. आणि खरं सांगतो, हात थांबायला लागला. एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "भाऊ, ते नकली हाय हे हाताला कळू देऊ नका. निकाह होईस्तोवर कुणाजवळ विषय काढू नका. मला शरारा शिवायचाय."

शरारा झाला. मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिला. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला एखादी तरी खोट काढायची होती. निघाली नाही.

निकाहच्या जेवणात त्यांच्या हातातला सरबताचा ग्लास पुन्हा थरथरला. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझं पातेलं तपासायचे अगदी तसं.

"तुम्ही बोललात व्हय कुठं?"

"नाही चाचा. देवाशपथ."

"मग ह्याला कुणी सांगितलं?"

चाचांना जाऊन आता दुसरा उन्हाळा. तो संशय त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, आणि ते मला फार लागतं. त्यांचं चुंबक घरच्यांनी मला दिलं, ते गल्ल्याशेजारी असतं. भांड्यांना मी ते लावत नाही.

मी खरंच कुणाला बोललो नव्हतो. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही ऐकायला तो हात आता उरला नाही म्हणून.