स्टॅबिलायझरच्या जागी फुलदाणी

आज वायरमनने मीटरजवळ नवं यंत्र बसवलं. "आजी, आता व्होल्टेज कितीही वाढू दे, घरातलं काही जळणार नाही." जुनी काळवंडलेली वायर त्याने बाहेर काढली, तसा जळका वास आला आणि मी नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना, अण्णांना, टीव्हीचीच काय ती सोबत. त्याच्या शेजारी स्टॅबिलायझरचा लोखंडी डबा सारखा टकटक करायचा. भिशीच्या बायका येणार म्हणून आमच्या सौंदर्यसम्राज्ञीने, म्हणजे मीच, तो माळ्यावर टाकला आणि तिथे फुलदाणी मांडली. बायकांनी कौतुक केलं, मी हवेत! त्या गेल्यावर वीज गेली आणि परतली ती अशी उसळून की टीव्ही फट्टकन बंदच पडला.

"सूनबाई, चित्र गेलं का गं?"

"लाईट गेलीय, अण्णा. येईल."

अण्णांनी वर पाहिलं. छताचा पंखा गरगर फिरत होता.

"बरं," ते म्हणाले.

थाप पचली, असं त्या शहाणीला वाटलं. टीव्ही काही दुरुस्त झाला नाही. अण्णा पुढे आठ महिने होते. लाईट आली का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.