शिस्तीखाली

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षरस घेतात. हा रस अक्का करते. काळ्या मनुका रात्री भिजत घालते, सकाळी उकळून फडक्यातून पिळते आणि बाटली घेऊन सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये येते. वेदीशेजारी पाळकांची छोटी खोली आहे, वेस्ट्री म्हणतो आम्ही. तिथून बाकांवर नजर फिरवत ती ट्रेमधले इवलेसे पेले भरते. एक कमी पडत नाही, एक उरत नाही. उपासनेनंतर तेच पेले धुऊन कपाटात ठेवते. एरवी टॉवेलच्या कारखान्यातून काम आणून घरी कडा शिवते. वयानं माझ्यापेक्षा मोठी, तरी ती मला 'तुमी' म्हणते आणि मी तिला 'तू'. दर खेपेला दारात मी म्हणायची, "सलाम अक्का, आज रस झकास होता." आमच्यात नमस्काराऐवजी सलाम करतात. एवढं बोललं की आपण तिची दखल घेतली, असं मला वाटायचं.

यंदा महिला रविवारचा संदेश माझ्याकडे आला. मी निवृत्त शिक्षिका, त्यातून महिला मंडळाची अध्यक्ष, त्यामुळे बोलायला कुणी सांगायची खोटी. 'न दिसणाऱ्या स्त्रिया' हा विषय मीच निवडला. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, विहिरीवरच्या बाईपासून सुरुवात करायची, आपल्या मंडळीतल्या राबणाऱ्या बायांपर्यंत यायचं आणि शेवटी अक्काला पुढे बोलावून शाल द्यायची. शाल आणून ठेवली. भाषण आरशापुढे म्हणूनही पाहिलं. एका ठिकाणी माझं मलाच भरून आलं.

त्याच्या आधीच्या महिन्यातलं प्रभुभोजन चालू होतं. माइक खरखरायला लागला म्हणून मी सेल आणायला वेस्ट्रीत गेले. बाहेर लोक ओळीनं वेदीपुढे गुडघे टेकत होते. आत, दाराच्या आड, अक्का उभी होती. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, हात जोडलेले. भाकर देताना पाळकसाहेब जे शब्द म्हणत होते, तेच तिच्या ओठांवर चालले होते.

"अक्का, चल की ओळीत," मी कुजबुजले.

तिनं डोळे उघडले. "मी शिस्तीखाली हाय न्हवं, बाई."

हे जरा फोडून सांगायला हवं. मंडळीनं एखाद्याला शिस्तीखाली ठेवलं, की त्यानं उपासनेला यावं, गाणी म्हणावीत, दानही टाकावं, पण भाकर आणि पेला ओठाला लावायचा नाही. चूक सुधारली की शिस्त उठते.

"कधीपासून गं?"

"बार्शीहून आले की, नवऱ्याचं घर सोडून, तवापासून. लेक कडंवर हुती." त्या लेकीची लेक आता कॉलेजात जाते.

मग मला सगळं आठवलं. तिचा नवरा प्यायचा आणि मारायचा. ती लेकराला घेऊन आईकडे निघून आली. नवऱ्याशी समेट होईपर्यंत तिला शिस्तीखाली ठेवायचं, असं मंडळीच्या वडिलांनी ठरवलं. मंडळीच्या कारभाऱ्यांना आमच्यात वडील म्हणतात, आणि तेव्हाचे थोरले वडील म्हणजे माझेच वडील. पुढे नवरा तिकडेच बार्शीत वारला. समेट करायला माणूसच उरला नाही आणि शिस्त उठवायची कुणाला आठवण झाली नाही. हळूहळू अक्का ओळीत का येत नाही, हेही लोक विसरले. तिला पेल्यांचं काम असतं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं.

माझे वडील दुष्ट नव्हते. परक्याच्या मयतालाही रडायचे. एक मोडतं घर आपण वाचवतोय, असंच त्यांना वाटलं असणार. दुष्टपणानं केलं असतं तर मला निदान हात झटकता आले असते.

आणि मी काय केलं? सेल घेतले, बाहेर आले, ओळीत गुडघे टेकले आणि पेला प्याले. तिनंच भरलेला. लाजेनं मान वर करवेना, पण प्याले.

कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एक ज्येष्ठ वडील म्हणाले, "रीतीप्रमाणे तिनं मंडळीपुढं उभं राहून क्षमा मागावी. मग शिस्त उठवू."

"क्षमा कुणी कुणाची मागायची?" माझा आवाज चढला.

ते शांतपणे म्हणाले, "ठराव तुमच्याच वडिलांचा होता, बाई."

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "तिनं काही मागायचं नाही. नवरा गेला तेव्हाच शिस्त संपली, सांगायचं आपण विसरलो. महिला रविवारी अक्का ओळीत येतील. बाई, तुम्ही जाऊन सांगा."

मी गेले तेव्हा अक्का मशीनवर टॉवेल शिवत होती. मी सांगितलं. तिनं मशीन थांबवलं.

"पर समेट झालाच न्हाई की. मग कसं?"

"चूक आमची होती, अक्का. माझ्या वडिलांची होती."

"आसं बोलू नका. लई देवमाणूस हुते," ती मलाच समजावू लागली. "आनि मी नेम मोडला न्हाई. रस करताना बोटसुदिक चाटलं न्हाई कदी."

तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

महिला रविवारी घसा बसल्याचं सांगून मी दुसरीला बोलायला उभं केलं. घसा ठणठणीत होता. शाल अजून कपाटात आहे.

ओळीत मी अक्काला माझ्या शेजारी, अगदी टोकाला बसवलं. भाकरीचा तुकडा तिच्या तळहातावर पडला. मग पेल्यांचा ट्रे आला. मी पेला उचलला, आणि ट्रे रिकामा झाला. सवयीनं तिनं सगळ्यांपुरते भरले होते. स्वतःला धरलंच नव्हतं. पाळकसाहेब रिकामा ट्रे घेऊन तिच्यासमोर तसेच उभे राहिले.

मी माझा पेला तिच्यापुढे धरला.

"तुमी घ्या बाई," ती पुटपुटली. "मला सवय हाय."

"अक्का, तुम्ही घ्या." 'तुम्ही' हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. मी हात मागे घेतला नाही.

तिनं पेला घेतला, डोळे मिटून प्याली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आंबट हाय की, बाई. तुमी तर दर खेपेला झकास म्हनायचा."

तो पहिल्यापासूनच आंबट होता. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.