मावशीचा बधिर पाय

मी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसतो, आणि माझं तोंड जरा फाटकंच आहे. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्याने जुनी बाटली आणायची, उरलेल्या गोळ्या मी मोजायच्या. जास्त उरल्या म्हणजे बुडवल्या. मग मी चांगली खरडपट्टी काढायचो.

शेजारच्या स्टुलावर मावशी. कार्डं लावणं तिचं काम. एकोणीस वर्षं ती स्वतःच या गोळ्यांवर आहे. जुन्या औषधांनी तिचे तळपाय बधिर करून टाकलेत. चप्पल निसटली तरी कळत नाही. दिवसातून चारदा माझ्या पायावर पाय देते आणि वर मलाच म्हणते, "तुझे पाय फार मध्ये येतात बाबा." नवरा गेला, जावेने तिची भांडी वेगळी केली, पण बाई रोज माझ्या आधी हजर.

आमच्याकडे एक बसचालक यायचा. रोजची एक गोळी, म्हणून अठ्ठावीस दिवसांनी तीसच्या बाटलीत बरोबर दोन. दर वेळी. चारचौघांत मी त्याचे गोडवे गायचो. पण रक्ताचा रिपोर्ट बिघडत चाललेला, पँट कमरेवर ठरेना. असंच चाललं तर माणूस हातचा जाणार, असं डॉक्टर म्हणाले.

"अरे शहाण्या," मावशी म्हणाली, "एकोणीस वर्षांत माझा एक हिशेब इतका बरोबर आला नाही. हा घरून मोजून येतो."

मला रागच आला. तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. "मीही फेकायचे रे पहिल्या वर्षी. तू कशापायी?"

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "रात्री गोळी घेतली की सकाळी गरगरतं, मावशी. मागे पन्नास माणसं बसलेली असतात. ड्यूटी असली की घेत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

त्याने नुसतं खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी तशीच लंगडत त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळी बदलून मिळाली.

पुढच्या महिन्यात तो आला. मी बाटली ओतली. पाच.

"तीनदा विसरलो," तो म्हणाला.

सवयीने माझं तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलाखाली मावशीचा पाय माझ्या पायावर पडला, आणि या वेळी तिने तो दाबून धरला. मी कार्डावर पाच लिहिलं आणि त्याला म्हणालो, "बसा, चहा घेऊन जा."